आजोबांच्या ट्रंकेत रिव्हॉल्व्हर सापडले : ओळख, जमा करणे आणि वारसाचा परवाना

सातारा-कोल्हापूरकडे फौजेत माणसे गेलेली घरे पुष्कळ. आजोबांच्या माघारी ट्रंक उपसताना फडक्यात गुंडाळलेले रिव्हॉल्व्हर निघते आणि घरातला कुणीतरी ते पुसायला घेतो. तसे करू नका. चक्रात, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या भागात, काडतूस राहिलेले असू शकते. शिवाय आजोबांचा परवाना फक्त आजोबांचा होता, तो तुम्हाला लागू होत नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे असे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. पिशवीत घालून निघू नका. आधी ठाण्यात फोन करा आणि ते सांगतील तसे करा. विनापरवाना बाळगल्याची शिक्षा साध्या शस्त्रासाठी २ ते ५ वर्षे कैद आणि दंड अशी आहे, निषिद्ध शस्त्रासाठी त्याहून जास्त. जमा केल्याने लगेच हक्क जात नाही. परवाना मिळाला की शस्त्र परत घेता येते, नको असेल तर कायदेशीर विकता येते. पावतीवर कंपनीचे नाव (मेक), क्रमांक आणि बोअर (नळीच्या आतला व्यास, इंचात) लिहून घ्याच.

ओळख पटवायची ती आधी कागदांवरून. जुन्या परवाना-पुस्तिकेत हे तिन्ही तपशील असतात. पुस्तिका हरवली असेल तर जाणकाराने शस्त्र रिकामे केल्यावर सांगाड्यावरचे नाव, क्रमांक आणि नळी-चक्रावरचे चाचणी-ठसे (शस्त्र तपासून पास केल्याच्या खुणा) वाचता येतात. नुसत्या नावावर जाऊ नका. वेब्ली या ब्रिटिश कंपनीचे मार्क ६ हे .४५५ चे लष्करी रिव्हॉल्व्हर, पण वेब्लीनेच .३२ चीही केली. सगळा फरक इथेच पडतो. .३८० किंवा .४५५ ची काडतुसे चालणारे शस्त्र निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि त्याचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे असतो. .३२ चा परवाना जिल्हाधिकारी देतात, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त.

‘गंजलेय, अँटिक आहे, परवाना कशाला?’ असे ऐकून गाफील राहू नका. कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच शस्त्राला आहे. तुटलेला घोडा बदलता येतो.

वारस म्हणून अर्ज करणाऱ्याचे वय २१ पूर्ण हवे. नमुना ए-१ मधल्या अर्जासोबत मृत्यू दाखला, मूळ परवाना, जमा केल्याची पावती, वारसाचा पुरावा, इतर वारसांचे संमतीपत्र, ओळख, वय व रहिवासाचे पुरावे, फोटो, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे. त्यानंतर पोलीस पडताळणी होते. अडते ते बहुधा संमतीपत्रावर, म्हणून काका-आत्यांशी आधीच बोलून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाचे धरूनही एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात.

आजोबा हयात असतील तर आणखी एक वाट आहे. वयाची ७० वर्षे झाली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे त्यांच्याकडे असेल, तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ते स्वतःच वारस सुचवू शकतात. तेव्हा अर्जावर त्यांची सही असते, आणि हे रिव्हॉल्व्हर कुठून आले तेही त्यांच्याच तोंडून ऐकता येते.