चढाच्या ड्राइव्हवेसाठी 'मोठं इंजिन' हवंच?

अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यासारख्या डोंगराळ भागात ड्राइव्हवेवरचा, म्हणजे घरापर्यंतच्या खासगी रस्त्यावरचा, बर्फ हटवण्यासाठी एटीव्ही (खडबडीत रस्त्यावर चालणारी छोटी चारचाकी) घेणाऱ्याला हमखास सांगितलं जातं: चढ आहे ना, मग 800-1000 सीसीच घे. हा सल्ला चुकीचा आहे. चढावर इंजिन कमी पडण्याआधी चाकं घसरतात, आणि घसरणाऱ्या चाकाला जास्त ताकद दिली की ते जागीच फिरून खालचा बर्फ घासून गुळगुळीत करतं. मग तिथे चालणंही अवघड!

पुढे लावलेल्या, बर्फ ढकलणाऱ्या 50-60 इंची ब्लेडला 450-570 सीसी पुरते. खरे पैसे घालावेत ते फोर-व्हील ड्राइव्ह, पुढचं लॉक होणारं डिफरन्शियल (पुढची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं), लो गिअर आणि इंजिन ब्रेकिंगवर (उतारावर इंजिननेच वेग आवरणं). बेल्टवर चालणारी गाडी हाय गिअरमध्ये रेटली की बेल्ट घसरून तापतो, जळका वास येतो. ब्लेड खाली असताना लो गिअरच हवा. मागच्या चाकांना साखळ्या लावा. उतरताना भार पुढे येतो आणि स्टिअरिंगही पुढच्याच चाकांचं, म्हणून कंपनीची परवानगी असेल तर पुढेही. मागच्या कॅरिअरवर 20-30 किलो वाळूची पोती घट्ट बांधा, पण मर्यादा मॅन्युअलमध्ये बघूनच.

बर्फ वरून खाली ढकला. ब्लेड उचलून रिकामं वर जा. ब्लेड तिरकं केलं की 60 इंचांचे सुमारे 52 उरतात, ते मागच्या चाकांच्या बाहेरच्या रुंदीपेक्षा जास्त हवेत. खडीचा रस्ता असेल तर ब्लेडखालचे स्किड शू (ब्लेड जमिनीपासून वर ठेवणारे टेकू) अर्धा-एक इंच खाली सोडा. अनेक मॉडेल्सची चढाची मर्यादा 15 अंश, म्हणजे 100 फुटांना साधारण 27 फूट असते. त्याहून उभ्या चढावर एटीव्ही नकोच.