कुबड, खांदा आणि दरबार : बेकनच्या एका निबंधाची पार्श्वभूमी

रॉबर्ट सेसिल २४ मे १६१२ रोजी मार्लबरो येथे वारला आणि त्याच्यावरची कवने लंडनभर हातोहात फिरू लागली. आधी इंग्लंडच्या राणी एलिझाबेथचा आणि मग राजा पहिल्या जेम्सचा सचिव, शेवटी राज्याचा खजिनदार. करांवरून, खाबूगिरीवरून त्याला धारेवर धरायला जागा भरपूर होती. कवनकारांनी तीही सोडली नाही, पण जीभ खरी सैल सुटली ती त्याच्या पाठीवर. एका कवनात तो ‘कुबडा रॉबिन’ झाला. त्याला तिसरा रिचर्ड, म्हणजे दुष्ट ठरलेला तो कुबडा राजा, म्हणणे अन्यायाचे, तो तर दुसरा ज्यूडास, येशूला दगा देणारा, अशी त्यावर मल्लिनाथी.

रूपावरून स्वभाव ताडण्याची विद्या त्या वेळी चांगलीच प्रतिष्ठित होती. अ‍ॅरिस्टॉटलने अलेक्झांडरला केलेला उपदेश म्हणून खपलेल्या एका मध्ययुगीन ग्रंथात राजाने भोवतालची माणसे पारखावीत कशी, याचे नाकडोळ्यांसकट वर्णन आहे. १५८६ मध्ये डेला पोर्ता या नेपल्सच्या पंडिताने माणसांची डोकी जनावरांच्या डोक्यांशेजारी छापून याच विद्येचा जाडजूड ग्रंथ काढला. इंग्लंडमध्ये मात्र ती कोण सांगतो यावर सगळे अवलंबून असे. १५३०-३१ च्या आणि पुन्हा १५९७-९८ च्या कायद्याने पोटासाठी मुखलक्षणे सांगत हिंडणारा भटक्यांच्या यादीत बसवला आणि त्याच्या नशिबी फटके लिहिले. दरबारातल्या विद्वानाला तीच विद्या शोभत होती.

तिसऱ्या रिचर्डचे उदाहरण सर्वांना पाठ होते. १४८५ मध्ये तो बॉसवर्थला पडला आणि इंग्लंडची गादी ट्यूडर घराण्याकडे गेली. तो हयात असताना त्याची तारीफ करणाऱ्या चर्चच्या आश्रयाला असलेल्या एका इतिहासकाराने ट्यूडर येताच लिहिले की, हा दोन वर्षे आईच्या पोटात राहिला आणि दात व खांद्यापर्यंत केस घेऊन जन्मला. त्याच्या मते रिचर्डचा उजवा खांदा उंच होता. पुढच्या पिढीत टॉमस मोरने डावा उंच असल्याचे लिहिले. गुन्हा आधी ठरला होता, खांदा कोणता हे मागाहून!

सेसिलवर ही छाया जिवंतपणीच पडली. ठेंगणा, पाठीत वाकलेला. लहानपणी दाईच्या हातून पडला, अशी वदंता. एलिझाबेथ त्याला ‘पिग्मी’ म्हणे. राणीने दिलेले नाव म्हणून ते आपण चालवून घेतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. जेम्स त्याला आपला ‘छोटा बीगल’ म्हणे, म्हणजे शिकारी कुत्रा. १६०१ मध्ये सेसिलचा दरबारातला प्रतिस्पर्धी एसेक्स याचे शिर उडाले, तेव्हा ‘छोटा सेसिल’ दरबार आणि मुकुट दोन्ही चालवतो, असे गाणे लोकांच्या तोंडी होते.

तत्त्वज्ञ आणि निबंधकार फ्रान्सिस बेकन हा सेसिलचा सख्खा मावसभाऊ. ज्या पदांसाठी बेकनने वर्षानुवर्षे उंबरे झिजवले ती त्याला मिळाली नाहीत, आणि सेसिल आपल्याला दाबून ठेवतो हा सल त्याच्या मनात राहिला. सेसिल गेल्यावर काही महिन्यांतच बेकनच्या निबंधांची वाढवलेली आवृत्ती आली. तीत शारीरिक व्यंगावर एक नवा निबंध होता. डिसेंबरात लंडनच्या एका पत्रलेखकाने कळवले की, बेकनने आपल्या छोट्या भावाचे हुबेहूब चित्र काढले आहे, असे सगळे म्हणतात.

वाद इथेच आहे. काही अभ्यासकांच्या मते निबंध म्हणजे सरळ सूड. इतरांच्या मते बेकन त्यात मुखलक्षणांचा पायाच काढून घेतो. व्यंग हे स्वभावाची खूण मानले तर फसाल, ते स्वभावाचे कारण माना, असे तो सांगतो. व्यंग असलेल्याला लोक तुच्छ लेखतात, म्हणून तो धीट होतो आणि दुसऱ्यांची उणी हेरायला शिकतो. प्रतिस्पर्धी त्याला मोजतच नाहीत, म्हणून त्याची चढती त्यांना दिसत नाही. दरबारात वर जाण्याची ही अचूक रीत झाली आणि सेसिलची हकिगतही. उदाहरणांत तुर्की सुलतान सुलेमानचा कुबडा मुलगा येतो, इसाप येतो, सॉक्रेटिससुद्धा येतो. म्हणजे यादी काही नुसती दुष्टांची नाही. तरीही बहुतेक जण मायाममतेला पारखे असतात, हे वाक्य त्याने सुरुवातीलाच ठेवले आहे. ज्ञानाच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे. माणुसकीच्या दृष्टीने मला तसे म्हणवत नाही. खूण निदान खोटी ठरवता येते. कारण म्हटले की सेसिलने काहीही केले तरी बोट पाठीकडेच.

रिचर्डचे प्रकरण मात्र मिटले नाही. राजघराण्याच्या संग्रहातल्या त्याच्या एका चित्रात खांदा नंतर रंग चढवून उंच केल्याचे क्ष-किरणांत दिसले, तेव्हा कुबड ही ट्यूडरांची बनवाबनवी असे त्याचे पाठीराखे ठामपणे सांगू लागले. मग २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली सांगाडाच सापडला. कणा बाजूला वळलेला, उजवा खांदा थोडा वर. कुबड नाही, दंतकथेतला वाळलेला हातही नाही. २०१४ च्या तपासणीनुसार नीट शिवलेल्या कपड्यांत आणि चिलखतात हे सहज झाकले गेले असते. पाठीराखे आणि निंदक दोघेही थोडे थोडे हरले. आता वाद आहे तो कपडे उतरवल्याशिवाय हे कोणाला ठाऊक होते याचा, कारण बॉसवर्थनंतर त्याचे उघडे प्रेत घोड्यावर टाकून लेस्टरला नेले होते.