विंडोजचा गेम लिनक्सवर, आणि मधला एकटा कारकून

विंडोजचा गेम लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरायची दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) लावला की मधे दुभाषा आला, म्हणजे तो रखडणारच असं बऱ्याच जणांना वाटतं. पण वाइन नावाचा हा दुभाषा प्रोग्राम (1993 पासून चालू आहे हे काम) आख्खा नकली कॉम्प्युटर उभा करत नाही, गेमचा कोड तुमच्या प्रोसेसरवर थेट पळतो, फक्त गेमने विंडोजकडे काही मागितलं की वाइन ते लिनक्सकडून करून देतं. ग्राफिक्सचं पण तेच, विंडोजच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्स भाषेतल्या ऑर्डरी डीएक्सव्हीके नावाचा प्रोग्राम लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन भाषेत बदलून देतो. यात वेळ जातो, पण किरकोळ.

घोडं पेंड खातं ते वाट बघण्यात. गेममध्ये ढीगभर थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामातली वेगवेगळी कामं, एकदम चालू असतात, कोणी आवाज बघतंय कोणी फिजिक्स, आणि सारखं एकमेकांसाठी थांबणं चालू, तुझं झालं की मी घेतो. विंडोजमध्ये हा हिशोब कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ठेवतो. वाइनमध्ये वाइनसर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्राम, म्हणजे तलाठी ऑफिसातली एकच खिडकी आणि आत एकच कारकून, आणि काही गेमचे थ्रेड तिथं सेकंदाला हजारो वेळा येऊन उभे राहतात.

2018 मध्ये ईसिंक आलं, मग एफसिंक. कारकुनाला वळसा घालून कामं उरकायचा जुगाडच म्हणा. व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या प्रोटॉनने (वाइनवरच बेतलेला प्रोग्राम) दोन्ही वापरले, पण विंडोजचे काही नियम त्यात तंतोतंत बसत नव्हते म्हणून मूळ वाइनने घेतले नाहीत.

ज्यांनी हे दोन्ही लिहिले त्या एलिझाबेथ फिगुरा यांनीच मग एनटीसिंक केलं, म्हणजे विंडोजसारखाच हिशोब ठेवणारा ड्रायव्हर सरळ लिनक्सच्या कर्नलमध्ये. मार्च 2025 ला लिनक्स 6.14 मध्ये तो वापरण्याजोगा झाला. त्यांच्या टेस्टमध्ये डर्ट 3 हा गेम सेकंदाला 110.6 फ्रेमवरून 860.7 वर गेला! आता हुरळून जाऊ नका, ही तुलना साध्या वाइनशी आहे, तुम्ही आधीच एफसिंकवाल्या प्रोटॉनवर खेळत असाल तर बऱ्याच गेममध्ये फरक जाणवणार पण नाही.

तुमच्याकडे आहे का बघायचं तर डेव्ह (/dev) फोल्डरात एनटीसिंक (ntsync) नावाची फाइल शोधा, कर्नल नवा असूनही नसली तर बहुतेक त्या ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड करायचं राहिलंय. व्हॅलोरंट हा गेम मात्र एवढं करूनही चालणार नाही, त्याचं अँटीचीट (चीटिंग पकडणारा प्रोग्राम) विंडोजच्या कर्नलमध्येच जाऊन बसतं आणि तो कर्नल इथं नाहीच.