घासलेली काच आणि भिजलेली काच

पॅथॉलॉजी लॅबमध्ये ऊतीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला काचेच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, बसवतात; काप धरून ठेवायला विद्युतप्रभार दिलेली पट्टी म्हणजे चार्ज्ड स्लाइड. इथे शिकायला येणारी मुलं हमखास विचारतात, "सर, चार्ज्ड स्लाइड कापडाने पुसली तर तिचा चार्ज जाईल का?" मला हा प्रश्न आवडतो. त्यांच्या डोळ्यांसमोर शाळेतली काचेची कांडी असते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

रेशमाने घासलेली कांडी कागदाचे कपटे ओढते. तिच्यावरच्या प्रभाराला बेंजामिन फ्रँकलिनने 'धन' म्हटलं, आणि काच म्हणजे धन हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं. पण काच कशाशी घासली यावर सगळं अवलंबून असतं. खरबरीत केलेली काच फ्लॅनेलने घासली तर ती ऋण होते, हे जॉन कँटनने 18व्या शतकातच दाखवलं. शिवाय हा प्रभार टिकत नाही. ऐन जुलैमध्ये कोकणातल्या शाळेत हा प्रयोग करून पाहा: काचेवर न दिसणारी ओल धरते, प्रभार तिच्यातून निसटतो आणि कपटे जागचे हलत नाहीत. कांडी आधी शेकून कोरडी केली तरच जमतं.

भिजलेल्या काचेला घासावं लागतच नाही. काच म्हणजे मुख्यतः सिलिका. तिच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. पाण्यात त्यांतल्या काहींचा हायड्रोजन प्रोटॉन होऊन सुटतो आणि ऋण ऑक्सिजन मागे राहतो. सामू (pH) 2-3 च्या आसपास हा प्रभार जवळपास शून्य असतो. सामू वाढेल तसा तो वाढतो. काच पुसून पुन्हा बुडवा, तो पुन्हा तयार.

मग हा प्रभार जाणवत कसा नाही? पाण्यातले धन आयन काचेलगत गर्दी करतात. शरीरातल्या द्रवाइतक्या खारट पाण्यात ही गर्दी 1 नॅनोमीटरच्या आतच प्रभार बहुतेक झाकून टाकते. तरी तो असतो. सिलिकाच्या केसासारख्या नळीत पाणी भरून दोन टोकांना व्होल्टेज लावलं, की ही आयनांची गर्दी ऋण टोकाकडे सरकते आणि नळीतलं सगळं पाणी सोबत ओढत नेते.

लॅबमध्ये हा ऋणप्रभार आडवा येतो, कारण ऊतीचा कापही बहुतांशी ऋणच असतो. क्रेनिओफॅरिंजिओमा ही पीयूषिका ग्रंथीजवळची दुर्मिळ गाठ. तिची बायोप्सी कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढी येते. प्रकार ओळखायला बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचं स्टेनिंग करायचं, म्हणजे ते रंगवून पाहायचं, तर काप सायट्रेटच्या द्रावणात सुमारे 20 मिनिटं जवळपास उकळत्या तापमानाला ठेवावा लागतो. साध्या काचेवरून असा काप सुटून तरंगताना मी पाहिला आहे. पेशंटच्या मेंदूतून पुन्हा तुकडा काढा, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून चार्ज्ड स्लाइडवर अमिनो गटांचा थर रासायनिक बंधांनी बसवलेला असतो. हे गट पाण्यात धन होतात आणि ऋण काप धरून ठेवतात. तेव्हा मुलांना माझं उत्तर असं: कोरड्या कापडाने हा चार्ज जात नाही, पण पुसूही नका. बोटाचं तेल लागलं तर थर झाकला जातो. आणि वॉटर बाथमध्ये, म्हणजे स्लाइडवर घेण्याआधी काप ज्या कोमट पाण्यावर तरंगवतात त्यात, काप चिकटावा म्हणून सवयीने जिलेटिन टाकू नका. ते कापाच्या आधी स्लाइडवर जाऊन बसतं.