रक्तबदल (फिंच पक्ष्यांच्या पैदाशीतील)

पाळीव फिंच पक्ष्यांत विरळ रंग मिळवताना जवळच्या नात्यातील नर-मादीची जोडी लागू न देण्याची पद्धत. जीवशास्त्रात तिला अंतःप्रजनन टाळणे म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी घरांत प्रामुख्याने झेब्रा फिंच, बंगाली फिंच आणि ऐपत असल्यास गोल्डियन फिंच पाळले जातात. पुढील विवेचन मुख्यतः याच तीन पक्ष्यांना धरून आहे.

मूळ अडचण पुरवठ्यात आहे. झेब्रा आणि गोल्डियन हे ऑस्ट्रेलियाचे पक्षी. १९६० च्या सुमारास त्या देशाने आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. त्यामुळे बाहेरच्या जगातले आजचे पाळीव पक्षी पिंजऱ्यातच वाढलेल्या पिढ्यांचे वंशज आहेत. त्यातही एखादा नवा रंग सुरुवातीला एका-दोन पक्ष्यांतच दिसतो आणि तो रंग असलेले पुढचे सगळे पक्षी त्यांच्याकडूनच उतरतात. म्हणून निळ्या गोल्डियनचा नर कोल्हापुरातून आणि मादी हुबळीतून आणली, तरी दोघे परके ठरतात असे नाही. दोन्ही शहरे बेळगावपासून साधारण शंभर किलोमीटरवर, पण दोन्हीकडच्या दुकानांत माल एकाच पैदासकाराकडून आलेला असू शकतो. दुकान वेगळे म्हणजे रक्त वेगळे, ही समजूत सर्वांत घातक आहे. विकणाऱ्याला किमतीआधी पक्ष्याचे आईबाप विचारावेत.

रंगासाठी नात्यात जोडी लावण्याचा मोह का होतो, तेही समजून घ्यायला हवे. पाईड (अंगावर पांढरे डाग असलेला), पांढरा, निळा यांसारखे रंग अप्रभावी जनुकांचे असतात. ते दिसायला जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून यावी लागते. एकच प्रत असलेला पक्षी दिसायला साधा असतो, त्याला पाळणारे ‘स्प्लिट’ म्हणतात. रंगीत बाप आणि त्याची स्प्लिट मुलगी यांची जोडी लावली की सरासरी निम्मी पिल्ले रंगीत निघतात. मात्र रंगाच्या जनुकासोबत लपलेले दोषही याच वाटेने दुप्पट होतात. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ सीवॉल राइट यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या अंतःप्रजनन गुणांकाने, म्हणजे पिल्लाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याच्या शक्यतेने, हा धोका मोजता येतो. पूर्वज परके धरले तर सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-मुलीच्या जोडीतून होणाऱ्या पिल्लाचा गुणांक २५ टक्के, सावत्र भावंडांच्या किंवा काका-पुतणीच्या पिल्लाचा १२.५ टक्के आणि चुलत भावंडांच्या पिल्लाचा ६.२५ टक्के येतो. आपल्याकडे सोयरीक जुळवताना देवक पाहतात, पण ते बापाकडून चालत येते. पक्ष्यांच्या हिशेबात आईकडचे नातेही तितक्याच वजनाने धरावे लागते.

परिणाम सर्वांत आधी अंड्यांत दिसतो. झेब्रा फिंचवर हेमिंग्ज, स्लेट आणि बर्कहेड यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सख्ख्या भावंडांच्या जोड्यांची पिल्ले अंड्यातच मरण्याचे प्रमाण जास्त आढळले. अशी अंडी पाळणारा ‘गाभण नव्हतीच’ म्हणून टाकून देतो आणि खरे कारण दडून राहते. पाचव्या-सहाव्या दिवशी अंडे विजेरीसमोर धरावे. शिरा दिसल्या आणि नंतर वाढ थांबली, तर अंडे फळले होते पण पिल्लू मेले. मात्र अशा प्रत्येक मरणाचा दोष नात्याला देता येत नाही. तुरेवाल्या दोन पक्ष्यांची जोडी परकी असली तरी तुऱ्याच्या जनुकाच्या दोन प्रती आलेली, म्हणजे सुमारे चतुर्थांश पिल्ले जगत नाहीत. तुरेवाल्याला नेहमी बिनतुऱ्याचा जोडीदार द्यावा.

नात्यात न शिरता रंग मिळवण्याच्या वाटा आहेत, फक्त त्यांना एखादी पिढी जास्त लागते. झेब्रा फिंचच्या फॉन (फिकट तपकिरी) रंगाला तर तेवढेही थांबावे लागत नाही. या रंगाचे अप्रभावी जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते आणि पक्ष्यांत नराला दोन झेड गुणसूत्रे, तर मादीला एकच झेड असते. म्हणून फॉन नर आणि परकी साधी मादी यांच्या सगळ्या मुली पहिल्याच वेतात फॉन निघतात, मुलगे स्प्लिट राहतात. असा स्प्लिट मुलगा पुन्हा परक्या साध्या मादीला लावला तरी त्याच्या सरासरी निम्म्या मुली फॉन होतात. इथे बहीण-भावाची जोडी लावायला कसलेच कारण उरत नाही.

पाईडसारख्या रंगाला दोन ओळी चालवाव्यात. एक पाईड नर एका साध्या मादीला, एक पाईड मादी दुसऱ्या साध्या नराला द्यायची. हे दोन साधे पक्षी एकमेकांचेही नातलग नकोत. दोन्हीकडची स्प्लिट पिल्ले आपसात जोडली की सरासरी चारात एक पाईड मिळते. मूळचे दोन पाईड सख्खे भाऊ-बहीण असले, तरी ही स्प्लिट पिल्ले चुलत भावंडांइतकीच जवळची ठरतात. म्हणजे थेट जोडीतला २५ टक्के गुणांक ६.२५ वर येतो. मधली एक पिढी थांबल्याचा हा फायदा मोठा आहे आणि थोडा धीर धरणाऱ्या कुणालाही तो मिळवता येतो.

हे सगळे वहीवर अवलंबून आहे. पिल्लू साधारण आठ-दहा दिवसांचे असताना पायात बंद (बिनसांध्याची) रिंग घालावी आणि रिंगचा क्रमांक, आई, बाप, घरट्याची तारीख लिहावी. एकाच मोठ्या पिंजऱ्यात अनेक जोड्या सोडल्या तर बाप कोण हे खात्रीने सांगता येत नाही, कारण झेब्रा फिंचची मादी जोडीबाहेरच्या नराशीही जुगते. नोंद हवी असल्यास प्रत्येक जोडीला स्वतंत्र पिंजरा आणि घरट्यासाठी स्वतंत्र मडके द्यावे. नर बदलतानाही घाई नको. आधीच्या नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात दहा-बारा दिवस टिकू शकतात, त्यामुळे तिला तीन आठवडे एकटी ठेवणे चांगले. गोल्डियनची अंडी बंगाली फिंचखाली उबवायला देताना दोन जोड्यांची अंडी एकत्र केली की वही निरुपयोगी होते.

बाहेरून आणलेला पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवून त्याची विष्ठा आणि श्वास पाहावा. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या दमट हवेत, हा काळ आणखी वाढवावा.

‘नवे रक्त’ म्हणून रानातली मुनिया पकडून पिंजऱ्यात सोडणे हा यावरचा उपाय नाही. बंगाली फिंच ज्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून आला, ती पश्चिम घाटातही आढळते, म्हणून हा विचार सुचतो. पण रानातल्या मुनिया पकडणे किंवा बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय पाळीव ओळीत परके रक्त आणायला रानात जाण्याची गरजच नसते. ज्यांच्या वह्या नीट आहेत अशा दोन-तीन पाळणाऱ्यांनी दरवर्षी आपसात नर बदलून घेतले, तर बेळगावच्या एकाच पेठेतही बरीच वर्षे निभावते.