मुतखड्याची कळ की फुटलेली महाधमनी?

कोल्हापुरात कुणाच्या कुशीत कळ आली की घरातून पहिला शब्द येतो तो मुतखड्याचा. कुणी हुलग्याचं पाणी उकळायला ठेवतं, कुणी पानफुटीची पानं शोधायला जातं. तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या बाबतीत हा अंदाज बऱ्याचदा बरोबरही निघतो. पण साठी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढलेल्या माणसाला अशी कळ आयुष्यात पहिल्यांदाच आली, तर मला धास्ती वाटते ती पोटातल्या महाधमनीची.

हृदयातून निघणारी ही शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी पोटात मणक्याला लागून खाली उतरते. तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर. भिंत कमजोर होऊन ती ३ सेंटिमीटरवर गेली की त्याला अॅन्युरिझम म्हणतात. हा फुगवटा बहुधा काहीच त्रास न देता वाढतो. पुरुषांत तो ५.५ सेंटिमीटरला पोचला की शस्त्रक्रियेचा सल्ला देतात, कारण पुढं फुटायची भीती वाढते.

फुटल्यावर रक्त बऱ्याचदा डाव्या बाजूला, मूत्रपिंडाच्या आसपास साकळतं. म्हणून दुखतंही मुतखड्याच्याच जागी: कुशीत, कंबरेत, थेट जांघेपर्यंत. लघवीतही रक्ताचा अंश सापडू शकतो. साकळलेल्या रक्तानं भोक थोडा वेळ दाबलं जातं, बीपी सावरतं, इंजेक्शननं दुखणं उतरतं आणि घरच्यांना हायसं वाटतं. माणूस वाचवायचा तर हाच वेळ हातात असतो, आणि तो ‘आता बरं वाटतंय’ म्हणत घरी परतण्यात जातो. याचं मला फार वाईट वाटतं.

मुतखड्याची कळ चढते, ओसरते. माणूस तळमळत कूस बदलत राहतो. धमनीचं दुखणं अचानक सुरू होतं आणि सहसा आपणहून हटत नाही. सोबत चक्कर, दरदरून घाम, क्षणभर शुद्ध हरपणं. बेंबीच्या वर ठोके देणारी गाठ कधी हाताला लागते, पण जाड पोटात ती चुकते. तिच्यावर विसंबू नका.

खाटेजवळच्या सोनोग्राफीत फुगवटा काही मिनिटांत दिसतो. मुतखडा बघतानाच महाधमनीची रुंदीही मोजा, असं स्पष्ट सांगा. खायला-प्यायला काही देऊ नका, पोट चोळू नका, १०८ला फोन लावा. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) असो वा खासगी दवाखाना, अपघात विभागाच्या दारातच सांगा: वय इतकं, कळ पहिलीच, आणि मघाशी चक्कर येऊन पडले होते.