‘ओळख न पटणारे’ या तीन शब्दांमागे: नेटिव्ह स्त्री-क्युरेटर आणि अमेरिकी संग्रहालये

अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांत नेटिव्ह, म्हणजे तिथल्या मूलनिवासी जमातींतल्या, स्त्रिया क्युरेटरच्या, म्हणजे संग्रह सांभाळून प्रदर्शने मांडणाऱ्याच्या, खुर्चीत बसू लागल्याला फार वर्षे झालेली नाहीत. त्यांच्या पणज्यांनी विणलेल्या टोपल्या, घडवलेली मडकी आणि मण्यांचे काम मात्र शतकभराहून अधिक काळ तिथल्या कपाटांत आहे. नोंदवहीत वस्तू कोणी गोळा केली ते सापडते, करणारीचे नाव बहुधा सापडत नाही.

१९८५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या दालनात नेटिव्ह स्त्री-कलाकारांचे प्रदर्शन भरले. ते मांडणाऱ्या दोघींपैकी एक स्वतः नेटिव्ह चित्रकार होती. मोठ्या संस्था तेव्हा या वाटेवर नव्हत्या. त्यांना हलवले ते १९९० च्या कायद्याने. पूर्वजांचे अवशेष, दफनवस्तू आणि पवित्र वस्तू परत करण्याचे बंधन त्याने घातले.

सगळा गुंता त्या कायद्यातल्या एका शब्दप्रयोगाभोवती झाला. संग्रहालयांनी पाच वर्षांत याद्या करायच्या आणि कोणते अवशेष आजच्या कोणत्या जमातीशी जोडता येतात ते ठरवायचे होते. जे जोडता येत नाहीत ते ‘सांस्कृतिक ओळख न पटणारे’. ओळख पटवायची कशाने? कायद्याने भूगोल, नातेसंबंध, भाषा, पुरातत्त्व यांच्याच रांगेत मौखिक परंपराही पुरावा म्हणून लिहिली होती. प्रत्यक्षात कागद आणि उत्खननाचा अहवाल जड ठरत राहिला, आजीने सांगितलेली स्थलांतराची कथा हलकी. ‘ओळख न पटणारे’ हा शेरा हाडांबद्दल कमी आणि कोणाला विचारले नाही याबद्दल जास्त सांगतो, असे मला ठामपणे वाटते. २०१० च्या नियमाने असे अवशेषही, ते ज्यांच्या भूमीवर सापडले त्या जमातींकडे जाण्याची वाट केली, पण शब्द तसाच राहिला. २०२३ पर्यंत ९० हजारांहून अधिक पूर्वजांचे अवशेष संस्थांतच होते.

१२ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी तो शब्द काढून टाकला, जमातींच्या पारंपरिक ज्ञानाला मान दिला आणि अशा वस्तू मांडण्यापूर्वी किंवा त्यांवर संशोधन करण्यापूर्वी संमती बंधनकारक केली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या एका निसर्गविज्ञान संग्रहालयाने दोन दालने बंद केली, शिकागोत काही कपाटे झाकली गेली. बातम्यांत गाजली ती बंद दारे. संमती मागायला कोणी, कोणाकडे, कोणत्या भाषेत जायचे, हा खरा कामाचा प्रश्न मागे पडला. ते काम जमातीतून आलेली क्युरेटर करते तेव्हा समोरच्या वडीलधाऱ्यांना आपण कोण हे पहिल्यापासून समजावून सांगावे लागत नाही.

या काळात खुर्च्याही बदलत होत्या. २०१९ मध्ये मिनियापोलिसला नेटिव्ह स्त्रियांच्या कलेचे मोठे प्रदर्शन झाले. त्याच्या दोन क्युरेटरांपैकी एक मणीकाम करणारी, कायोवा जमातीची कलाकार होती, आणि सोबतीला स्त्रियांचे सल्लागार मंडळ होते. न्यूयॉर्कमधल्या एका अग्रगण्य कलासंग्रहालयाने नेटिव्ह कलेसाठी पहिली पूर्णवेळ क्युरेटर नेमली २०२० मध्ये, स्थापनेला १५० वर्षे झाल्यावर. तीही मूलनिवासी वंशाची स्त्री.

आणि १९८५ च्या त्या छोट्या दालनातली चित्रकार? २०२३ च्या सप्टेंबरात, वयाच्या ८३ व्या वर्षी, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आजच्या सुमारे पन्नास नेटिव्ह कलाकारांचे प्रदर्शन तिने मांडले.